न बोललेलं वाक्य

“एक शब्द, तूबा खानम. फक्त एक शब्द. ‘मुलगी’ म्हणा आणि मोकळ्या व्हा.”

सकाळपासून मी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की माझा मलाच कंटाळा आला होता. पुण्यात, कॅम्पातल्या एका जुन्या गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात आम्ही तिघी बाकावर बसलो होतो. आतल्या हॉलमध्ये एका दूरच्या, थंड, श्रीमंत देशाचा अधिकारी आला होता. छळाला कंटाळून देश सोडलेल्या माणसांपैकी कुणाला आपल्याकडे आसरा द्यायचा आणि कुणाला नाही, हे तो ठरवणार होता. साल शहाऐंशी.

तूबा नेदाई इराणातल्या यझ्दची. तिथे ती शाळेत गणित शिकवायची. ती बहाई धर्माची. त्या देशात बहाई असणं हाच तेव्हा गुन्हा होता. नोकरी गेली, घर गेलं, नवरा गेला. तिच्या शेजारी सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत आणि टरफलं मुठीत जपून ठेवत बसलेली रोया ही तिच्या बहिणीची मुलगी. चौदा-पंधरा वर्षांची असेल. रोयाचे आईवडील दोघंही तुरुंगातच संपले. मग मावशी-भाची मेंढपाळांच्या टोळीबरोबर वाळवंट तुडवत सरहद्दीपार गेल्या, तिथून कराची, आणि कुणाकुणाचे पाय धरत मुंबई आणि पुणे. अंगावरच्या कपड्यांशिवाय जवळ काही नव्हतं. कागद तर नव्हताच.

आणि त्या देशाचा नियम असा की निर्वासित बाईबरोबर तिचं स्वतःचं मूल येऊ शकतं. भाची येऊ शकत नाही. भाचीला न्यायचं तर तिच्या देशातल्या न्यायालयाने मावशीला पालक नेमल्याचा आदेश हवा. म्हणजे ज्यांनी तिचे आईबाप खाल्ले, त्यांच्याकडेच जाऊन विचारायचं, की बाबांनो, आता हिला सांभाळू का? हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आज इतक्या वर्षांनीही ती तिथेच आहे.

मी या भानगडीत कशी पडले तेही सांगते. मी शैलजा पासलकर, कॉलेजात इतिहास शिकवायचे. मराठेशाहीची कागदपत्रं वाचायची म्हणून तरुणपणी हट्टाने फारसी शिकले. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका मंडळाला दुभाषी हवा होता, आणि पुण्यात फारसी येणारी आणि फुकट राबणारी बाई मीच सापडले. फक्त माझी फारसी होती फर्मानांतली. पहिल्या भेटीत मी तूबाला आदराने काहीतरी विचारलं, तेव्हा ती तोंडावर हात ठेवून हसली होती. “खानम, तुम्ही बोललात की मला वाटतं मी बादशहापुढे उभी आहे आणि आता माझी मान तरी जाणार, नाहीतर मला जहागीर तरी मिळणार.”

आज मात्र ती हसत नव्हती.

“सगळे असंच सांगतात,” मी पुन्हा सुरू केलं. “कुणी पुतण्याला मुलगा सांगतं, कुणी सुनेला मुलगी सांगतं. कुणाचं काय बिघडतं? आणि खोटं तरी किती? आमच्याकडे मावशी म्हणजे आईच.”

“आमच्याकडेही,” तूबा म्हणाली.

“मग?”

रोयाच्या कपाळावर आलेले केस तिने मागे सारले.

“रोया, तू तरी सांग गं तुझ्या मावशीला!”

रोयाने एक बी फोडली. “मी तिला ‘मामान’, आई, म्हणायला तयार आहे. रात्री म्हणून पण बघितलं. ती दिवा घालवून झोपली.”

एवढ्यात आतून बोलावणं आलं. रोयाला बाहेरच थांबायला सांगितलं. आत जाताना मी तूबाचा दंड दाबला. ती मला धीर द्यायला हसली.

साहेब उंच होता, सभ्य होता आणि एकदाही आवाज चढवत नव्हता. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, स्वतः पाणी ओतून दिलं. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. अशा माणसापुढे काय करायचं ते मला कळत नाही.

“तुमच्या धर्मगुरूंचं नाव?” त्याने इंग्रजीत विचारलं. मी फारसीत सांगितलं.

“आमच्यात धर्मगुरू नसतात,” तूबा म्हणाली.

“प्रत्येक धर्मात असतात.”

“आमच्यात नसतात. आम्ही आमच्यातलीच माणसं निवडतो, ती कारभार बघतात.”

“मग त्या निवडलेल्या माणसांपैकी कुणी तुमच्याबद्दल लिहून देईल?”

“ते गेले. सगळे.”

“तुमचं प्रार्थनास्थळ?”

“आम्ही घरात जमायचो. ते घर पाडलं.”

“तुमच्या नवऱ्याची कबर?”

“दफनभूमीवर बुलडोझर फिरवला. आता कोण कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.”

साहेबाने पेन खाली ठेवलं. “बाई, माझी अडचण समजून घ्या. तुम्ही जे जे सांगता ते नेमकं नाहीसं झालेलं असतं.”

मी हे तूबाला कसं सांगितलं मला आठवत नाही. गुन्हेगाराने पुरावा नष्ट केला की संशय मेलेल्यावरच घ्यायचा, असा हा न्याय. तूबा मात्र शांतपणे म्हणाली, “हो. नाहीसं झालंय म्हणूनच मी इथे आले. नसतं झालं तर घरी असते.”

“आणखी एक,” साहेब म्हणाला. “मी कराचीत, दिल्लीत तुमच्या लोकांना भेटलो. सगळे जवळजवळ हीच गोष्ट सांगतात. पढवल्यासारखी.”

आता मात्र मला राहवलं नाही. “साहेब, सगळ्यांना एकाच तऱ्हेने मारलं तर प्रत्येकाने वेगळी गोष्ट कुठून आणायची?”

“आपण फक्त भाषांतर करावं, मॅडम,” तो नम्रपणे म्हणाला.

मग त्याने सुटकेचं विचारलं. तुरुंगात तिला सुटका देऊ केली होती का?

“रोज,” तूबा म्हणाली. “एक वाक्य बोलायचं. ‘मी बहाई नाही.’ एवढं बोललं की दार उघडणार, नोकरी परत, घर परत. माझ्या नवऱ्यालाही तेच सांगितलं होतं. हूशंगला.”

“आणि?”

“तो बोलला नाही. त्याला फाशी दिली.”

“तुम्ही?”

“मला नंतर पकडलं. मीही बोलले नाही. मला का सोडलं ते मला माहीत नाही. तुरुंगात जागा नव्हती असं म्हणतात.”

साहेबाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत कुत्सितपणा नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. त्याला खरंच कळत नव्हतं. “पण ते नुसतं वाक्य आहे. मनात तुम्ही काय मानता ते कुणी बघायला येत नाही. कुठलाही समंजस माणूस ते वाक्य बोलून घरी गेला असता. घरी बायको आहे, सगळं आहे, आणि एका वाक्यासाठी माणूस फासावर जातो, हे मला पटणं कठीण आहे. हे तुम्हीच सांगा, पटण्यासारखं आहे का?”

“नाही,” तूबा म्हणाली. “पण झालं तसंच.”

त्याने काहीतरी लिहिलं. मग खिडकीकडे मान वळवली. बाहेर व्हरांड्यात रोया टरफलांची मूठ कुठे रिकामी करावी याच्या विचारात उभी होती. दाट भुवया, लांब नाक, उभं राहताना एका पायावर भार देण्याची लकब. सगळी तूबा.

साहेब चक्क हसला. “ती बाहेर उभी आहे ती तुमची मुलगी, नाही का? विचारायचीही गरज नाही, चेहराच सांगतोय.”

देवाने घास तोंडात घालावा तसा हा प्रश्न आला होता. तिला खोटं बोलायचीही गरज नव्हती. मान हलवली असती तरी चाललं असतं. मान न हलवता नुसती गप्प बसली असती तरी त्याने लिहून घेतलं असतं. मी फारसीत प्रश्न सांगितला आणि डोळ्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

“नाही,” तूबा म्हणाली. “माझ्या बहिणीची मुलगी.”

मी तोंड उघडलं नाही. हे भाषांतर माझ्या जिभेवर येईना. साहेब माझ्याकडे बघत होता, तूबा माझ्याकडे बघत होती, पंखा घरघरत होता. मी गप्पच राहिले असते, कदाचित संध्याकाळपर्यंत. पण तूबाने तिच्या मोडक्या इंग्रजीत स्वतःच सांगून टाकलं. “माय सिस्टर. हर डॉटर. नॉट माइन.”

“थँक यू,” साहेब म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी तिला व्हरांड्याच्या टोकाला ओढत नेलं आणि तोंडाला येईल ते बोलले. दरबारी फारसीत शिव्या नसतात, म्हणून मराठीत बोलले. तिला भाषा कळली नाही, पण बाकी सगळं कळलं असणार.

“तुमचा स्वर्ग तुम्हाला लखलाभ!” शेवटी मी फारसीवर आले. “पण त्या पोरीला कशाला त्याची किंमत? तिला भारतात राहायचा परवाना नाही. उद्या तिला परत पाठवलं तर? तुमच्या खरेपणाचं लोणचं घालायचंय का तिला?”

तूबा कठड्याला टेकली. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच अशी टेकलेली बघत होते.

“तुम्ही आत्ता जशा ओरडलात ना, खानम,” ती म्हणाली, “तशीच मी हूशंगवर ओरडले होते. शेवटच्या भेटीत. आमच्या मध्ये काच होती. मी काचेवर मुठी आपटून म्हणाले, बोलून टाक ते वाक्य. देवाला कळतं सगळं, तो माफ करेल. माझ्यासाठी बोल. तुला माझी काही किंमत आहे की नाही?”

“मग?”

“तो म्हणाला, तूबा, मी कोण आहे हे मी यांना खोटं सांगितलं, तर घरी तुझ्याकडे कोण येईल? मी चिडून निघून आले. मागे वळून पाहिलंही नाही. आठवड्याने त्याला फाशी दिली.”

रोया जवळ येऊन उभी राहिली होती. तिने मावशीचा पदर धरावा तशी तिच्या बाहीची कड धरली.

“मी त्याच्याशी त्या वाक्यावरून भांडले,” तूबा म्हणाली. “आणि आज मला गरज पडली म्हणून मीच खोटं बोलले असते, तर तो कशासाठी मेला? मग तो साहेब म्हणतो तेच खरं ठरलं असतं. नुसतं वाक्य होतं. बोलून टाकायचं होतं.”

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. साहेब सकाळपासून पुरावा मागत होता. धर्मगुरू मागत होता, देऊळ मागत होता, कबर मागत होता. आणि जो पुरावा जगात कुठेच उरला नव्हता तो तूबाने आत्ता त्याच्या टेबलावर ठेवला होता. स्वतःची पोर पणाला लावून ठेवला होता!

मी दार न वाजवता आत गेले. साहेब चहा घेत होता.

“साहेब, तुम्ही म्हणालात की एका वाक्यासाठी माणूस सगळं घालवतो हे पटत नाही.”

“हो. मी तसं म्हणालो.”

“मग आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत काय झालं? तुम्ही तिला आयतं उत्तर दिलं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर मुलगी मिळाली असती. तिला ते माहीत होतं, मी सकाळपासून तिच्या कानीकपाळी ओरडत होते. तरी ती खोटं बोलली नाही. बहाई म्हणजे काय, हे तुम्हाला याहून चांगलं कोण दाखवणार आहे?”

त्याने कप बशीत ठेवला. क्षणभर त्याचा चेहरा बदलला, हे मी शपथेवर सांगेन. त्याला कळलं होतं.

“मॅडम,” तो हळू आवाजात म्हणाला, “माणूस म्हणून मी हे समजू शकतो.”

“मग माणूस म्हणून लिहा की!”

“पण हे पुराव्याच्या कुठल्याच प्रकारात बसत नाही.”

“मग प्रकार वाढवा!”

“तो अधिकार मला नाही,” तो म्हणाला, आणि त्याने मलाही चहा विचारला. मी तशीच बाहेर आले. त्या घरचा चहा घशाखाली गेला नसता.

दुपारी आम्हाला पुन्हा आत घेतलं, या वेळी रोयासकट. साहेबाने निर्णय वाचून दाखवला आणि मी वाक्यामागून वाक्य फारसीत सांगत गेले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात घाण भाषांतर.

अर्जदार बाईंनी आपण बहाई असल्याचं सांगितलं. त्याला आधार मिळत नाही. पतीला धर्मासाठी फाशी झाल्याचं सांगितलं. त्याला आधार मिळत नाही. एक वाक्य उच्चारून सुटका शक्य असताना ती नाकारली, हे सर्वसाधारण मानवी वर्तनाशी जुळत नाही, त्यामुळे विश्वासार्ह वाटत नाही. सबब संरक्षण देता येत नाही.

तूबा सरळ बसून ऐकत होती. वर्गात मुलाने चुकीचं गणित फळ्यावर मांडावं आणि बाईंनी ते शेवटपर्यंत मांडू द्यावं, तसं.

“आणि मुलीबाबत,” साहेब पुढे वाचू लागला. इथे तो जरासा अडखळला. “सदर मुलगी आपली नसल्याचं बाईंनी स्वतःहून सांगितलं आहे. हे विधान विश्वासार्ह मानून स्वीकारण्यात येत आहे.”

मी थांबले. हे एवढं मला पुढे सांगता येईना. तुरुंग खोटा, फास खोटा, बुलडोझर खोटा. नवऱ्याचं मरण खोटं. त्या बाईने दिवसभरात जे जे सांगितलं त्यातलं एकच वाक्य त्या माणसाला खरं वाटलं होतं, आणि तेही एवढ्याचसाठी की त्याने तिचं नुकसान होत होतं.

“काय म्हणाले ते?” तूबाने विचारलं.

मी सांगितलं.

तिने मान डोलावली. “चला, एक तरी खरं मानलं,” ती म्हणाली, आणि उठून तिने त्या साहेबाशी हात मिळवला. मी मिळवला नाही.

रोयाने मात्र जाता जाता सकाळपासून जपलेली टरफलांची मूठ त्याच्या टेबलावर उघडली आणि आमच्यामागे बाहेर आली. मी तिला रागावले नाही.

त्या देशाने हात झटकले, दुसऱ्या देशांनीही झटकले. दोघी पुण्यातच राहिल्या. दर वर्षी परवान्यासाठी पोलिसांकडे खेटे, दर वर्षी नवा फौजदार, त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणं. तूबा पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. रोया तर अशी मराठी बोलायला लागली की मंडईत भाजीवाल्या तिच्याशी घासाघीस करायला घाबरायच्या. जगभरच्या परिषदांमध्ये छळ झालेल्या माणसांच्या रक्षणाचे ठराव होत राहिले. पेपरात वाचायचे आणि पेपर चुरगाळायचे. एकदा त्याच साहेबाचा फोटो आला होता. त्याला कसलासा मानवसेवेचा सन्मान मिळाला होता.

मग खूप वर्षांनी, एका हिवाळ्यात तूबा गेली. झोपेतच. बहाई रीतीप्रमाणे तिच्या बोटात अंगठी घालून आम्ही तिला पोचवलं, आणि या वेळी कबर कुठे आहे ते सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि रोया मृत्यूची नोंद करायला गेलो. खिडकीपाशी एक वयस्कर, भला कारकून होता. केस पिकलेल्या रोयाचे रडून सुजलेले डोळे बघून त्याने आवाज मऊ केला.

“मयताचं नाव... हां. आणि तुम्ही त्यांच्या कोण?”

“भाची.”

“त्यांना मूलबाळ?”

“नाही. मलाच वाढवलं त्यांनी.”

“मग काय तर,” तो म्हणाला. “मावशी काय आणि आई काय, एकच. मुलगी लिहितो. पुढे तुम्हालाच सोपं पडेल, कुणी हटकणार नाही.” आणि त्याने लिहिलंसुद्धा.

जे त्या थंड देशाला जमलं नाही ते या माणसाने खिडकीतल्या खिडकीत, कुणी न मागता देऊन टाकलं होतं. मी त्याचे आभार मानणार होते.

रोयाने खिडकीच्या गजावर हात ठेवला.

“काका, रागावू नका,” ती म्हणाली. “पण ते खोडा. भाची लिहा.”